काठावरची मामांची जागा

माझ्या बायकोच्या मामांइतका चिवट माणूस अख्ख्या ग्लॉस्टरमध्ये नसेल, आणि इतका दमवणारा तर साऱ्या इंग्लंडात नसेल. मूळचे हर्णैचे, नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, जीव मात्र सेव्हर्न नदीत अडकलेला. वसंतात वाम या सापासारख्या माशाची पिल्लं भरतीबरोबर समुद्रातून नदीत चढतात. बोटभर लांब, काचेसारखी आरपार. ती हातजाळ्याने धरायचा परवाना मामा पासपोर्टपेक्षा जपत. देवघरात पंचांगाच्या जागी भरतीचं वेळापत्रक. आमचं लग्न ठरलं तेव्हा कॉलिंग कार्डवरून पुण्याला फोन करून मला म्हणाले, "जावईबापू, मुहूर्त पौर्णिमेच्या आसपासचा नको हं. मोठी भरती असते."

परवान्याच्या पहिल्या मोसमात त्यांनी ती पिल्लं जवळ्यासारखी वाळवायला घेतली होती. गॅरेजच्या छपरावर मामींची जुनी साडी अंथरून त्यावर मीठ लावून पसरली. एप्रिलच्या त्या आजारी उन्हात वाळलं काहीच नाही, पण सीगल्सना बातमी लागली. साडीसुद्धा धड परत मिळाली नाही. मामी आठ दिवस बोलल्या नाहीत आणि मामा म्हणाले, "पाखरांना चव आहे हो!"

लग्नानंतर नोकरीसाठी मीही इंग्लंडात आलो, आणि मामांचा ड्रायव्हर अर्थात मी. बेसिंगस्टोकचं ऑफिस सुटलं की दोन तास गाडी हाणायची आणि चिखलात बादली धरून उभं राहायचं. काठावर ज्याची त्याची जागा ठरलेली; एक मोसम रिकामी राहिली की गेली. म्हणून अंगात ताप असला तरी मामा हजर. पुढे पुढे पिल्लं इतकी कमी झाली की बादलीचा तळ झाकेना. मी वैतागून म्हटलं, "मामा, पुरे झालं आता. येत नाहीत ती."

"येतात थोडी. इतक्या लांबून येतात बिचारी, काठावर कुणी नको का?"

मग गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. हॉस्पिटलच्या पलंगावर ते पहिल्यांदाच थकलेल्या आवाजात म्हणाले, "माझी जागा जाणार हो." मी चरफडत एकटाच गेलो. बघतो तर मामांच्या जागेवर भलतंच जाळं रोवलेलं. भांडायच्या तयारीत पुढे झालो, तर शेजारच्या जागेवरचा गोरा म्हातारा म्हणाला, "माझंच जुनं आहे. कुणी विचारलं तर सांगतो, तो चहाला गेलाय."

पुढचा वसंत मामांनी पाहिला नाही. परवाना आता माझ्या नावावर आहे. चार पिल्लं मिळतात, बघतो आणि सोडून देतो. फार दमायला होतं. मामांची आठवण येते. ही जागा कुणाची, असं नवखं कुणी विचारलंच तर म्हातारा अजूनही सांगतो, तो चहाला गेलाय.