पेढ्यांची घाई

चांगली बातमी ऐकली की माझे हात आपोआप कढईकडे वळतात. नोकरी लागली, घर मिळालं, कुणाचा व्हिसा वाढला, की पेढे. म्युनिकजवळच्या गार्चिंगमधल्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. पण २०१५च्या हिवाळ्यात या सवयीपायी मी एका घरात जे करून ठेवलं, त्याची मला अजून लाज वाटते.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी कोरियात जन्मलेली. चार वर्षांची असताना इंगोलश्टाटजवळच्या गावातल्या एका जोडप्याने तिला दत्तक घेतलं. जर्मन बोलायची तीही अस्सल तिथली, बव्हेरियन. चाळिशीला टेकल्यावर तिने कोरियन शिकायला घेतलं. दर गुरुवारी यू-बानने, म्हणजे मेट्रोने, म्युनिकला क्लासला जायची आणि शुक्रवारी चिडून ऑफिसात यायची, कारण क्लासच्या बाई म्हणायच्या, चेहरा आपला, उच्चार मात्र जर्मन. मी तिला सांगायचे, माझा मुलगाही मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देतो, त्याला काय घराबाहेर काढू? तेवढंच ती हसायची.

अशाच एका शुक्रवारी कॉफी पिताना तिने सांगितलं की तिची जन्मदाती आई सापडली. तिला दत्तक देणाऱ्या कोरियातल्या संस्थेचं पत्र आलं होतं. त्या बाईंनी फक्त एकदाच बोलायचं कबूल केलं होतं. रविवारी सकाळी दहाला, व्हिडिओवर, मध्ये दुभाषी, पंधरा मिनिटं. त्यांचं नंतर लग्न झालं होतं, मुलं होती, आणि घरात कुणालाही या पहिल्या मुलीचा पत्ता नव्हता. बाजारात जाते असं सांगून त्या संस्थेच्या ऑफिसात येणार होत्या. पुन्हा अशी संधी येईल याची काही खात्री नव्हती.

मला रडूच आलं. शनिवारी दुधाची पावडर आणि वेलदोडा घेऊन पेढे वळले आणि न कळवता तिच्या घरी गेले. न कळवता कुणाच्या दारात उभं राहू नये, एवढं मला जर्मनीत बारा वर्षं राहूनही शिकता आलेलं नाही. दार उघडलं ते तिच्या जर्मन आईने. सत्तरी ओलांडलेल्या, महिन्यातून एकदा लेकीकडे राहायला यायच्या. डबा हातात घेऊन त्यांनी विचारलं, कुणाचा वाढदिवस? आणि मी मोठ्या कौतुकाने बोलून गेले, "तुमच्या मुलीची आई सापडली ना, त्याचे."

आमच्याकडे आईला कळल्याशिवाय कुठली बातमी बाहेर पडत नाही. त्यामुळे त्यांना माहीत असणारच, असं मी धरून चालले होते. त्यांनी डबा न उघडताच खिडकीत ठेवला. "तिची आई मी आहे," त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मैत्रीण आतून आली आणि एका नजरेत सगळं समजली. फोन होऊन गेल्यावर आईला शांतपणे सांगणार होते, तिला दुखवायचं नव्हतं, तुला हा उद्योग कुणी सांगितला होता, असं ती मला बोलत राहिली. मी मान खाली घालून ऐकलं. तेवढ्यात आईंनी कोट चढवला. मुलगी त्यांच्या आडवी उभी राहिली. मग त्या कोटासकट खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, मी थांबते, पण माझा एक प्रश्न तिला विचार.

प्रश्न असा होता. आल्यावर पहिले दोन महिने ही मुलगी बूट घालून झोपायची. काढायला गेलं की किंचाळायची. कोरियात घरात बूट घालत नाहीत, हे आईंनी मुद्दाम वाचून घेतलं होतं. मग हे काय? या मुलीला आपलं घर घर वाटलंच नाही, ही खंत त्या पस्तीस वर्षं बाळगून होत्या. मैत्रिणीला यातलं काहीच आठवत नव्हतं. ती म्हणाली, अर्धा वेळ दुभाष्यातच जाणार, मला वडिलांबद्दल विचारायचंय, घराण्यातल्या आजारांबद्दल विचारायचंय. बघते. तिच्या चेहऱ्यावरून तरी ते 'नाही'च होतं.

निघताना मला हुकूम झाला, उद्या यायचं आणि आईजवळ स्वयंपाकघरात बसायचं. "तू सुरू केलंस, आता तूच निस्तर."

रविवारी आम्ही दोघी बंद दाराकडे बघत बसलो. आतून दुभाष्याचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. आईंनी कॉफी ओतून घेतली आणि तशीच ठेवली. मला धास्ती एकच होती. तिने विचारलंच नाही, तर माझ्या तोंडाळपणामुळे या मायलेकींमध्ये जे आलंय ते तसंच राहणार. सव्वादहाला आवाज थांबला. तरी दार उघडेना.

ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. ती आईसमोर बसली.

"पहिला तुझाच प्रश्न विचारला, ममा. ती म्हणाली, संस्थेच्या दारात तिनेच मला सांगितलं होतं, बूट काढू नकोस, मी लगेच येते."

आईंनी दोन्ही हात तोंडावर धरले.

"एकदा तू गाढ झोपलीस तेव्हा मी ते काढले," त्या म्हणाल्या. "सकाळी तू रडली नाहीस. अनवाणी चालत माझ्याकडे आलीस. मला वाटलं, रुळली आता. केवढा आनंद झाला होता मला त्या दिवशी."