माझे उपास आणि माझी वहिनी

एके काळी मी आमच्या गावात फार धार्मिक मुलगी म्हणून प्रसिद्ध होते. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादशी आणि चतुर्थी. उरलेल्या वारी पोट बरं नसायचं. किन्हवलीजवळच्या आमच्या गावात अशा मुलीवर कोणी शंका घेत नाही. उलट शेजारच्या काकू आपल्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या. त्या मुली माझ्या नावाने किती बोटं मोडत असतील, देव जाणे.

सुरुवात देवापासून झालीच नव्हती. दादाच्या साखरपुड्याला आम्ही मुरबाडला गेलो, तेव्हा तिकडची एक पाहुणी हसत म्हणाली, "नवरीपरीस करवलीच भरलेली दिसते गो!" सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन रात्रीचा भात सोडला. लग्नात करवली म्हणून मिरवले तेव्हा तीच बाई म्हणाली, "किती छान बारीक झालीस!" तिथे थांबायला हवं होतं, पण तोवर थांबणं माझ्या हातात उरलं नव्हतं. मला मात्र वाटायचं, सगळं माझ्याच हातात आहे.

लग्न होऊन वहिनी आमच्याकडे आली. आमच्या घरची रीत अशी की आधी पुरुष जेवणार, मग आई, आणि सून सगळ्यांच्या शेवटी. मी जाहीर केलं की मी वहिनीबरोबर बसणार. आईला भरून आलं. "माझी पोर बघा, भावजयीबिगर घास घेत नाय," असं ती गावभर सांगत फिरली. खरं कारण एवढंच होतं की शेवटच्या पंगतीला बघायला कोणी नसतं आणि नवी सून नणंदेच्या ताटाबद्दल तोंड उघडत नाही. माझी भाकरी परसात जायची. त्या पावसाळ्यात आमच्या कोंबड्या अशा माजल्या होत्या की विचारू नका.

वहिनी बोलत नव्हती, पण बघत होती. माझे केस मूठमूठ गळत होते, भर उन्हात मला थंडी वाजायची, हंडा उचलला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि मी मात्र सगळ्यांसाठी रोज नवीन काहीतरी रांधून, समोर बसून खाऊ घालायचे. तरी तिला खरं खटकलं ते वेगळंच. आमच्याकडे पाळी आली की बाईने अजूनही बाजूला बसायचं असतं. गणपतीच्या तयारीत आई कौतुकाने म्हणाली, "या पोरीची कधी अडचण नाय बघ. नैवेद्याला कवा पण उभी!" खोबरं किसणारा वहिनीचा हात थांबला. ती घरात आल्यापासून मी एकदाही बाजूला बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी धुणं धुताना तिने मला सरळ विचारलं. माझा राग आमच्या आळीत सर्वांना माहीत आहे. "तू तुझ्या मुरबाडचं बघ," मी म्हटलं. तिने हातातली चादर पिळली आणि म्हणाली, "बघ गो बाय, मी आईना सांगणार हाय. पण तुझ्या पाठी नाय, तुझ्या समोर सांगन. मंग काय बोलायचं ते बोल मला."

आणि तिने सांगितलं. लग्नाच्या मुलीची पाळी कित्येक महिने आलेली नाही, असं नव्या सुनेने सासूला सांगायचं म्हणजे काय, याचा विचार करा. आईच्या मनात जे यायचं तेच आलं. तिने आधी दार लावून घेतलं. वहिनीने तिचा हात धरला. "तसं काय नाय, आई. पोर जेवत नाय. आजारी हाय." आईने हात झिडकारला. "आमच्या पोरीवर आळ घेतेस?" दुसऱ्या सकाळी आई आम्हा दोघींना घेऊन शहापूरला निघाली, पण एसटीत वहिनीशी चकार शब्द बोलली नाही. चूक निघाली असती तर वहिनीला त्या घरात तोंड दाखवणं कठीण झालं असतं. हे तिला माहीत होतं.

शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि आईला हवं ते उत्तर दिलं. तसं काही नव्हतं. आईने तिथेच हात जोडले, पिशवी उचलली आणि म्हणाली, "मंग काय नाय ना! चल गो, पेढे घेऊ."

"बसा आई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही नाही असं मी कुठे म्हटलं?"

मग त्यांनी शांतपणे समजावलं. माझं हृदय फार हळू चालत होतं. शरीराला अन्न मिळालं नाही की ते एकेक काम थांबवत जातं, पाळी त्यातलीच एक. "हे उपास नाहीत आणि हट्टही नाही. हा आजार आहे, मनाचा आणि शरीराचाही. यात माणूस दगावतं. पण उपचार केले तर बरंही होतं." आईने पिशवी खाली ठेवली आणि वहिनीच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. ते तिने ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत सोडलं नाही.

तिथे मला काही दिवस ठेवलं. आईने डबाभर शिरा आणला, तो परत गेला, कारण उपाशी शरीराला एकदम भरवणंही धोक्याचं असतं. मी रडले, भांडले, मानसोपचाराच्या डॉक्टरांशी सुरुवातीला बोललेच नाही. घरी सोडताना त्यांनी घरच्यांना बजावलं की हिने ठरल्या वेळी, कोणाच्या तरी सोबतीने जेवायचं. जेवताना हिच्या ताटाबद्दल, अंगाबद्दल बोलायचं नाही. रागवायचं नाही आणि शाबासकीही द्यायची नाही. जिथे 'जेवलीस का' हाच रामराम, तिथे हे म्हणजे जिभेला कुलूपच. उपास अर्थातच बंद. आईने देवळात जाऊन देवाला सांगितलं, "तिचे वार आता माझ्याकडं."

सोबत मला वहिनीचीच हवी होती. मग सून पहिल्या पंगतीला बसली, सासऱ्यासमोर. बाबा कमी बोलणारे. ते उठले, पातेलं घेतलं आणि आम्हा दोघींच्या ताटात स्वतः भात वाढला. आमच्या घरात हे कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्या भाताबद्दल बाबांचे उपकार मी विसरणार नाही.

जेवणावर बोलायचं नाही म्हणून वहिनी माहेरचं सांगायची. म्हसा गावच्या जत्रेत हरवलेला मामा, मावशीची खोडकर म्हैस. त्या म्हशीने अर्ध्या मुरबाड तालुक्याला शिंगावर घेतलं असावं, इतक्या गोष्टी झाल्या. माझं मन मात्र पुन्हा पुन्हा मागे ओढायचं. आजही कधी ओढतं, तेव्हा लपवत नाही, डॉक्टरांना सांगते.

ठाण्याहून तपासणी करून परतताना एका दुपारी आम्ही दोघी शहापूरच्या स्टँडवर किन्हवलीच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या गाड्यावर वडे तळत होते. वहिनी म्हशीचं सांगत होती आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. ते काय आहे हे ओळखायला मला वेळ लागला.

"वहिनी," मी म्हटलं, "मला भूक लागलीय."

शाबासकी द्यायची नाही, हे तिला पाठ होतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि मान गाड्याकडे वळवली.

"दोन वडापाव दे रे दादा," ती म्हणाली. मग ती म्हशीचं पुढे सांगायला लागली, पण कुठवर आली होती ते काही केल्या तिला आठवेना.