नोबुएने वाचलेला सात

नोबुएचे वडील सोरोबानच्या, म्हणजे मणी सरकवून हिशेब करायच्या जपानी चौकटीच्या, काड्या तासायचे. ओनो गावात एकाच माणसाने अख्खा सोरोबान कधी केला नाही. मणी कातणारे वेगळे, चौकट जोडणारे वेगळे, आणि ज्या बांबूच्या काड्यांवर मणी वरखाली सरकतात त्या तासणारे वेगळे. नोबुए चालायला शिकली ती बांबूच्या भुशातच. सहाव्या वर्षी तिला इगावा गुरुजींच्या सोरोबानच्या वर्गात घातलं, तेव्हा वडील म्हणाले, "गुरुजी, हिला फार शिकवावं लागणार नाही. रक्तातच आहे हिच्या."

"रक्तात काही नसतं," गुरुजी म्हणाले. "बोटांत असतं. रोज दीड तास पाठवा."

बोटं चांगली निघाली. आठावर सात चढवायचे आणि मणी पुरत नाहीत, तर तीन काढायचे आणि डावीकडे एक चढवायचा, हे इतर पोरं ओठ हलवत घोकत असायची, तेव्हा नोबुएचा अंगठा ते करून मोकळा झालेला असे. नवव्या वर्षी ती वर्गात पहिली होती. गावातल्या बायका तिच्या आईला बाजारात थांबवून विचारायच्या, "हिला खायला काय घालता हो?" आई लाजून म्हणायची, "तुमच्यासारखाच भात आणि मुळ्याचं लोणचं." हे ऐकायला नोबुएला इतकं आवडायचं, की आई बाजाराला निघाली की ती पिशवी घेऊन आधीच दारात उभी राही.

त्याच वर्षी स्टेशनजवळ नवं टोफूचं दुकान निघालं. दुकानदाराची मुलगी कायोको नोबुएच्याच वयाची. तिच्या घरात सोरोबान नव्हता. तिचे वडील हिशेब भिंतीवर खडूने मांडायचे. ती वर्गात आली ती रिकाम्या हाताने. गुरुजींनी नोबुएकडे पाहिलं. "तुझा जुना आहे ना? दे हिला."

जुना म्हणजे वडिलांनी शाळेच्या पहिल्या दिवशी खास जोडून घेतलेला, स्वतःच्या हातच्या काड्या घातलेला. नोबुएला आता मोठा, जास्त काड्यांचा मिळाला होता. तिने जुना आणून दिला, आणि देताना तिला आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं वाटलं. ते वाटणं जेमतेम वर्षभर टिकलं.

वर्ष सरल्यावर गुरुजींनी वरच्या वर्गातल्या मुलांचे सोरोबान गोळा करून कपाटात ठेवले. "आता टेबलावर काही नाही," ते म्हणाले. "डोळे मिटा. चौकट डोळ्यांसमोर आणा. मी आकडा म्हणेन तसे मणी हलवा. पाठ काही करायचं नाही, नुसतं बघायचं. शेवटी जे दिसेल ते वाचा."

नोबुएने डोळे मिटले. तीन काड्या स्वच्छ दिसल्या. चौथी धूसर होती. पाचवीवर मणी चढवला की पहिलीवरचा गळून पडायचा. दोन आकडे, तीन आकडे, इथवर ती निभावून नेई. चौथ्याला सगळी चौकट पाण्यात पडल्यासारखी हले. तिने डोळे उघडले, तर शेजारी कायोको बसलेली, पापण्या मिटलेल्या, उजव्या हाताची दोन बोटं हवेत नाजूक हलत होती. तिने उत्तर सांगितलं. गुरुजींनी कागद पाहिला आणि बरोबरची खूण केली.

घरी जाताना नोबुएने विचारलं, "तुला किती काड्या दिसतात?"

"मोजल्या नाहीत," कायोको म्हणाली. "सगळ्या दिसतात."

"सगळ्या कशा दिसतील? कुठला सोरोबान दिसतो तुला?"

"तुझाच की. तू दिलेला. कोपऱ्यावर टवका उडालाय तो."

नोबुए त्या दिवशी जेवली नाही. आईला वाटलं पोट बिघडलं. बिघडलं होतं ते वेगळंच. आपल्या बापाने तासलेल्या काड्या टोफूवाल्याच्या पोरीला डोळे मिटून दिसाव्यात आणि आपल्याला दिसू नयेत, हा न्याय कुठला, हे तिला कुणाला विचारता येईना. दुसऱ्या दिवशी तिने कायोकोला म्हटलं, "माझा सोरोबान परत दे." कायोकोने दप्तरातून काढून दिला. ती त्या वर्षी बक्षीस घेऊन आली ते वर्गातल्या सामाईक सोरोबानवर. डोक्यातला काही परत मागता येण्यासारखा नव्हता.

पुढची सहा वर्षं नोबुएने जिवाचं रान केलं. पहाटे उठून मोठ्याने आकडे म्हणायची, मणी डोळ्यांसमोर उभे करायची. कायोकोएवढं तिला कधीच दिसलं नाही. आणि कायोको तर उनाड. अभ्यासाच्या वेळेत नदीकाठी मासे बघत बसायची आणि येऊन पहिली यायची. ती वाईट असती तर बरं झालं असतं. ती वाईटही नव्हती. रविवारी टोफू घेऊन यायची, "काकू, आज गरम आहे, लगेच खा," म्हणायची, आणि नोबुएच्या आईचा चेहरा असा खुलायचा की नोबुए उठून मागच्या दारी जायची.

पंधराव्या वर्षी एकदा गुरुजींचा घसा बसला. त्यांनी आकड्यांचा कागद नोबुएच्या हातात दिला. "आज तू वाच."

आकडे वाचणं हे त्या धंद्यात वेगळंच कसब आहे. वाचणारा श्वास न घेता एकामागून एक आकडे म्हणत जातो, आणि ऐकणारे ते म्हणता म्हणता मिळवत जातात. त्यांच्या भाषेत आपल्यासारखं सत्तेचाळीस नसतं, चाळीस-सात असतं. मोठा भाग आधी येतो, त्यामुळे हात डावीकडून आवाजाच्या पाठोपाठ चालत राहतो. आवाज जरा अडला की हात अडखळतो. नोबुएने वाचायला सुरुवात केली आणि वर्गातली चुळबुळ थांबली. तिचा आवाज गोड नव्हता, पण अक्षर अन् अक्षर सुटं पडायचं, तांदूळ निवडून ठेवल्यासारखं.

"हे तुझं," गुरुजी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

तिला ते बक्षीस वाटलं नाही. पंगतीत पक्वान्न संपल्यावर वाढलेला भात वाटला. तरी तिने तो खाल्ला. पुढे टेलिफोनच्या चौकशी विभागात नंबर सांगायची नोकरी तिला या आवाजावरच मिळाली. तिथे पहिल्या दिवशी जे बजावतात ते तिला आधीच ठाऊक होतं. सातला दोन नावं आहेत, नाना आणि शिची. शिची म्हणायचं नाही, कारण एकला इची म्हणतात आणि घाईत कान फसतो. नेहमी नानाच म्हणायचं. नोबुएने नोकरीत आणि स्पर्धांच्या मंचावर मिळून वीस वर्षं नानाच म्हटलं. जिल्हाभर तिला वाचायला बोलवायचे. मंचावर ती, आणि समोर बसलेल्यांत कायोको. कायोकोने स्वतःचा वर्ग काढला होता, आणि मोठ्यांच्या गटात, सोरोबानशिवाय, नुसतं ऐकून उत्तर लिहायच्या स्पर्धेत दोन वर्षं लागोपाठ ती पहिली आली होती. लोक म्हणायचे, "एकीचा आवाज, दुसरीचं डोकं. काय जोडी आहे." नोबुए मान लववून हसायची. जोडीत आवाज कुणाला दिसतो?

तरी हे सगळं तिने गिळलं असतं. पण तिची मुलगी मिहो आठ वर्षांची झाली आणि कायोकोच्याच वर्गाला जायचं म्हणून हटून बसली. तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथे होत्या. स्पर्धेच्या दिवशी सकाळी नोबुए केस विंचरत असताना मिहो मागे येऊन उभी राहिली.

"आई, काल मला दिसले."

"काय दिसलं?"

"मणी. डोळे मिटून. कायोकोबाई म्हणाल्या, पाच काड्या दिसतात म्हणजे छान आहे." मग जरा थांबून, "आई, तुला का नाही दिसत? बाई म्हणतात, सगळ्यांनाच थोडे थोडे दिसतात."

"शाळेची तयारी कर," नोबुए म्हणाली.

स्पर्धा कोबे शहरात होती. गाडीत कायोको तिच्या शेजारी बसून बडबडत होती. मिहोला कान आहे, मिहोला डोळा आहे, तू तिला अजिबात ताण देऊ नकोस, मी बघते. मी बघते हे दोन शब्द नोबुएच्या कानात कोबेपर्यंत वाजत राहिले.

दुपारी शेवटच्या फेरीला तिघं उरले. हिमेजीचा एक कॉलेजातला विद्यार्थी, एक प्रौढ शिक्षक आणि कायोको. जागा चिठ्ठ्या टाकून ठरल्या. विद्यार्थी पहिल्या रांगेत आला, कायोको अगदी मागे, दाराशी. नोबुएने बंद पाकीट फोडून कागद उघडला. दहा आकडे, पाच-सहा अंकी. सातव्या ओळीतला आकडा सत्तर हजारांच्या घरातला होता. त्यांच्या भाषेत सत्तर हजार म्हणजे सात दहा-हजार, आणि दहा हजार म्हणजे एक दहा-हजार, त्यामुळे त्या आकड्याची सुरुवातच सातने होती. तो दिसताक्षणी तिच्या मनात काय आलं ते तिला कळलं, आणि कळूनही तिने कागद खाली ठेवला नाही.

तिने वाचायला सुरुवात केली. सहावी ओळ संपली, आणि तिच्या शेवटच्या अक्षराला चिकटवून, श्वासाच्या शेपटावर, तिने सातवी उचलली. नाना नाही. शिची. 'शि' इतका हलका, की मागच्या बाकावर पोचेपर्यंत त्यातलं 'इची' तेवढं उरावं. पुढच्या तीन ओळी तिने नेहमीसारख्या सुट्या वाचल्या.

विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आलं. दोघांचं चुकलं. परीक्षकांनी कायोकोचा कागद मंचावर आणला तेव्हा नोबुएने फरक मनातल्या मनात काढला. साठ हजार. बरोबर साठ हजारांनी कमी. तेवढी वजाबाकी मात्र तिला एका क्षणात जमली. तिला वाटलं होतं छातीतलं ओझं उतरेल. टाळ्या वाजत होत्या, विद्यार्थी वाकून नमस्कार करत होता, आणि मागे कायोको सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होती. नोबुएला तिच्या त्या टाळ्यांचासुद्धा हेवा वाटला.

परतीच्या गाडीत कायोकोने उकडलेली अंडी सोलून तिच्यापुढे धरली. "कान गेले बघ माझे," ती म्हणाली. "साठ हजारांचा फरक. म्हणजे मी सत्तरचे दहा ऐकले. छत्तिसाव्या वर्षीच म्हातारी झाले."

"तू हरकत का नाही घेतलीस? घेता येते."

"कुणावर घेऊ? तू कधी चुकतेस का?"

नोबुए खिडकीबाहेर बघत राहिली. शेतं कापून झाली होती. दोन स्टेशनं गेली. मग ती म्हणाली, "मी शिची म्हटलं."

"तू?"

"मुद्दाम म्हटलं. चूक नव्हती ती."

कायोकोने अंडं रुमालात गुंडाळलं. घडी घातली, उलगडली, परत घातली. "का गं?" तिने विचारलं. हे तिने अगदी साधेपणाने विचारलं. पंचवीसेक वर्षांत नोबुएने या प्रश्नाची शंभर उत्तरं स्वतःला दिली होती. त्यातलं एकही मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं.

"तुला दिसतात म्हणून," ती शेवटी म्हणाली.

कायोको पुढच्या स्टेशनवर उतरली. तिचं स्टेशन अजून लांब होतं.

दुसऱ्या आठवड्यात नोबुए स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या चिटणिसांकडे गेली आणि सगळं सांगितलं. ते वयस्क गृहस्थ गोंधळले. शिची म्हणू नये असा संकेत आहे, नियम नाही, ते म्हणाले. आणि मुलाने तर बरोबर ऐकलं, त्याच्याकडून करंडक कसा परत मागायचा? "तुम्ही दमला असाल, बाई. विश्रांती घ्या." तिने विश्रांती घेतली ती कायमची. पुन्हा मंचावर गेली नाही. गावात कुणाला कारण कळलं नाही, म्हणजे कायोकोने कुणाला सांगितलं नाही, आणि हे उपकारही नोबुएला गिळावे लागले.

मिहोचं कायोकोच्या वर्गाला जाणं बंद करावं असं तिच्या फार मनात होतं. तशी ती एकदा बोललीही. मिहोने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. मग नोबुएने हट्ट सोडला. दर बुधवारी ती मुलीला कायोकोच्या फाटकापर्यंत सोडायची आणि आत न डोकावता परत फिरायची. आतून कॅसेटवरचा आकडे वाचणारा आवाज ऐकू यायचा, कुणा पुरुषाचा, घाईचा, शेवटची अक्षरं खाणारा. तो ऐकून तिचे दात शिरशिरायचे. असं चार वर्षं चाललं.

पाचव्या वर्षी एका बुधवारी कायोको स्वतः फाटकात आली. केस पांढरे व्हायला लागले होते.

"कॅसेट खराब झालीय," ती म्हणाली. "पोरं चुकतायत."

"नवी आण."

"आणली. ती याहून वाईट आहे." फाटकाची कडी काढत ती म्हणाली, "मी तुला माफ-बिफ केलेलं नाही, नोबुए. ते जमेल असं वाटत नाही. पण तुझ्यासारखं वाचणारं दुसरं कुणी मला ठाऊक नाही, आणि पोरांचा काय दोष?"

नोबुए चपला काढून आत गेली. बावीस पोरं होती, मिहो खिडकीजवळ. तिने कागद घेतला आणि वाचलं. वाचून झाल्यावर हात वर झाले, आणि उत्तर बरोबर आलेली पोरं उठून धावली ती कायोकोकडे, कागद दाखवायला. मिहोसुद्धा. नोबुएची तीच जुनी असूया जागी झाली. तिने ओळखली, बसू दिली, आणि पुढचा कागद उलगडला.

त्यानंतर एकोणीस वर्षं तिने बुधवार चुकवला नाही. कायोकोने वर्ग बंद केला तोवर गावातली निम्मी तरुण पोरं नोबुएच्या आवाजावर हिशेब शिकली होती. कायोकोच्या निरोपाच्या दिवशी फुलं कायोकोला मिळाली. नोबुएला एका मुलीने, आवाज जपा म्हणून, डबाभर खोकल्याच्या गोळ्या दिल्या. ती घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "फुलं तिला, गोळ्या मला." नवरा हसला. ती हसली नाही, पण त्यातली एक गोळी तिने तोंडात टाकली आणि स्वयंपाकाला लागली.