चौथ्या मजल्यावरची कप्पी

केबिन रोडमागच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. परळ सोडून इथे आलो तेव्हा आईचे गुडघे धड होते, त्यामुळे जिन्याचा विचार कुणी केलाच नाही. रोज संध्याकाळी ती भाजीला म्हणून खाली उतरायची आणि तासाभराने परतायची. भाजीला लागायची दहा मिनिटं. बाकीचा वेळ किनाऱ्यावरच्या पालीहून येणाऱ्या मासेवालीशेजारी गप्पा मारण्यात जायचा. मासे घ्यायचे नसले तरी ती तिथे बसायचीच.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले. मग इमारतीतल्या इतर बायकांसारखी तीही दोरीला पिशवी बांधून खिडकीतून खाली सोडू लागली. खालून भाजीवाला पिशवी भरायचा आणि ही वर ओढायची. दोरी ग्रिलवर घासायची, हिचे तळहात सोलून निघायचे. मी शाळेत नववीला विज्ञान शिकवतो. माझ्याच घरात हे चाललेलं बघून मला लाज वाटली आणि एका रविवारी मी ग्रिलला कप्पी बसवली.

"याने वजन कमी होणार?" आईने विचारलं.

"नाही गं. जोर जवळपास तेवढाच लागतो, फक्त दिशा बदलते. वर ओढायच्या ऐवजी खाली ओढायचं. खुर्चीत बसूनसुद्धा जमेल."

"म्हणजे महाराणीच केलंस की मला!" असं म्हणून ती खरंच खुर्चीत बसली.

मी इतका खूश होतो की वर्गात फळ्यावर आमच्या खिडकीचं चित्र काढलं. माझ्यासारखा शहाणा मीच! भाजी, दूध, औषधं, सगळं दोरीने वर यायला लागलं आणि आईला खाली उतरायचं कारणच उरलं नाही. डॉक्टर चालायला सांगत होते, पण ती खुर्ची सोडेना. दोन वर्षांत गुडघे पार आखडले.

मासेवाली मला बाजारात हटकायची. "आई कंदी येनार?"

"घरात सगळं मिळतं ना आता, कप्पी लावलीय."

"पिशवी वर जाते रं, पन तिला खाली कोन आननार?" ती म्हणायची. मी हसून पुढे जायचो.

गेल्या महिन्यात तिने सांगितलं, "उद्या माजा शेवटचा दिस हाय. आता जमत न्हाय." घरी येऊन मी ते आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईने ठेवणीतली साडी नेसली आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागली. सातव्या पायरीवर गुडघा वाकेना. ती तिथेच बसली आणि रडली. आईला रडताना मी फार वर्षांनी बघत होतो.

"शेजाऱ्यांना बोलावतो. खुर्चीत बसवून उतरवू तुला."

"मी काय कपाट आहे का?" ती ओरडली. मी तिला धरून परत वर आणलं आणि एकटाच बाजारात गेलो. मासेवालीने ऐकून घेतलं आणि पाटी डोक्यावर घेऊन माझ्याबरोबर निघाली. चार मजले चढणं तिच्याही आवाक्यातलं नव्हतं. ती आमच्या खिडकीखाली उभी राहिली आणि मी वर गेलो.

आईने पिशवी सोडली. मासेवालीने तीत बोंबील घातले आणि मान वर करून हात हलवला. रिक्षांच्या आवाजात कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं. आईने दोरी ओढली. पिशवी दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

ओझं नुसतं धरून ठेवलं तर विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य, हे मी दरवर्षी शिकवतो. आईचे दोन्ही हात थरथरत होते. कपाळावर घाम आला होता.

"आई, ओढ ना. नाहीतर मी ओढतो."

"हात लावू नकोस," खाली लागलेली नजर न हटवता ती म्हणाली. "पिशवी वर आली की ती जाईल."