देवराईतली शेंग

फिल्मच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षी मला देवराईवर माहितीपट करायचा होता. आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीची राई. मी निरगुडसरची, म्हणजे तालुका एकच. पण आमच्याकडे ऊस आणि त्यांच्याकडे भात-नाचणी. तरी आपल्याला सगळं कळतं असा माझा तोरा. कसलं डोंबलाचं कळतंय!

वाडीतले एक म्हातारे बाबा राईतल्या देवापुढे रोज दिवा लावायचे. कॅमेरा न्यायच्या आधी मी चार वेळा नुसती माहिती काढायला गेले, तेव्हा त्यांनीच मला हिंडवलं. प्रत्येक झाडाची त्यांना खडान् खडा माहिती. वाडी बाहेरच्यांना आत सोडायला राजी नव्हती. माझ्या जबाबदारीवर येऊ द्या, असं बाबांनी सगळ्यांना सांगितलं. राईतली वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

आणि तरी शेवटच्या फेरीत गारंबीच्या वेलाखाली पडलेली हातभर लांब शेंग मी पिशवीत घातली. कॉलेजात विषय मांडायचा होता, सरांच्या टेबलावर ठेवायला काहीतरी हवं होतं. नियम सरपणासाठी असणार, शेंगेचं काय एवढं, असं मीच ठरवून टाकलं. वर शहाणपणा म्हणजे तिचा फोटो स्टेटसला ठेवला. वाडीतली पोरं मंचरला कामाला असतात, त्यांनी तो पाहिला आणि दोन दिवसांत वाडीत घराघरांत पोचला.

मी शेंग परत घेऊन गेले तेव्हा बाबा अंगणात हिरडा वाळत घालत होते. त्यांनी शेंगेला हात लावला नाही. रागावलेही नाहीत, उलट चहा ठेवायला सांगितला. वाडीची बैठक झाली होती आणि दिव्याचा मान आता बाबांकडून दुसऱ्या घराकडे गेला होता. शेंग तिकडं नेऊन दे म्हणाले. माहिती घ्यायची राहिलेल्या झाडांचं विचारू का, असं मी निर्लज्जासारखं विचारलंच.

"मलाच आता आत जायाचं न्हाई," बाबा म्हणाले. "झाड म्होरं नसताना काय सांगू?"

पुण्यात येऊन सरांना म्हटलं, विषय सोडते. सगळं ऐकून सर खुर्चीत पुढे सरकले. अगं, हीच तर फिल्म आहे, त्या म्हाताऱ्यालाच शूट कर, म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण मी गेले. बाबा हाकलून देतील असं वाटत होतं. खरं तर मला तेच हवं होतं. काय करायचंय ते मान खाली घालून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, घरात गेले आणि धुतलेला सदरा घालून बाहेर आले.

"तुझी परीक्षा हाय ना? कुठं बसू, सांग."

माझा हात कॅमेऱ्याच्या पिशवीकडे जाईना. मी अंगणात तशीच उभी, आणि बाबा सदऱ्याची बटणं लावत माझ्या सांगण्याची वाट बघत होते.