डावे कान चौतीस, उजवे सत्तावीस

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. रक्कम रुपये सदतीस हजार दोनशे. हजर : मी, माझी बायको आणि फोनच्या पडद्यावर आमची मुलगी. ती तेव्हा मध्य आफ्रिकेतल्या गॅबन देशात, एका राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीत बसली होती. आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले होते, तिच्याकडे दुपारचा दीड.

ठरलं ते असं. बारा हजार चारशे फोटो, दर फोटोला तीन रुपये. प्रत्येक फोटोत कोणता प्राणी आहे ते लिहायचं आणि हत्ती असेल तर तो कोणता हत्ती तेही ओळखायचं. पैसे काम संपल्यावर, आम्हा दोघांत निम्मे निम्मे.

मुलीने आधी हिंजवडीतल्या एका कंपनीला विचारलं होतं. त्यांचा दर फोटोला आठ रुपये आणि वर कर. तिच्या प्रकल्पाला ते परवडणारं नव्हतं. जानेवारीत पुण्याला आली तेव्हा ती फोटोंची हार्ड डिस्क घरी ठेवून गेली आणि आता विचारत होती, "तुम्ही दोघं कराल का? पण फुकट नको. फुकट केलेलं काम तपासायला मागता येत नाही." हे वाक्य तिने माझ्याकडूनच उचललेलं आहे.

"तीन रुपयांत हत्ती," बायको म्हणाली. "मंडईत एवढ्यात कोथिंबिरीची काडी येत नाही."

मी एका कारखान्यात कॉस्टिंगला आहे. बायको घरी ब्लाऊज शिवते, पुढच्या खोलीत तिचं मशीन आणि कापायचं टेबल आहे. जंगलाशी आमच्यापैकी कोणाचा संबंध नाही. मुलगी कॉलेजात असताना पहाटे खडकवासल्याला जाऊन पाण्यावरची बदकं मोजायची, तेव्हा डबा करून देणे आणि पेट्रोलचे पैसे देणे एवढाच आमचा वाटा होता.

गॅबनमध्ये तेरा राष्ट्रीय उद्यानं आहेत आणि देशाचा बहुतेक भाग घनदाट जंगलाखाली आहे, हे मला मुलगी तिकडे गेल्यावर कळलं. इतकं दाट की हत्ती दहा पावलांवर उभा असला तरी दिसत नाही. मोजायचे कसे, तर जंगलात मध्येच चिखलाची, गवताची मोकळी जागा असते, तिथे. त्या चिखलात क्षार असतात आणि ते खायला हत्ती येतात. अशा जागेला तिकडे 'बाई' म्हणतात. त्यावर आमच्या घरात जे विनोद व्हायचे ते पहिल्या आठवड्यात होऊन संपले. मुलीच्या बाईवर झाडांना पट्ट्यांनी तीन कॅमेरे बांधलेले होते. समोरून उबदार अंगाचं काही हललं की फोटो निघायचा.

आम्ही सकाळी साडेपाच ते साडेसात काम करायचो. मी फोटो पुढे सरकवायचो आणि लिहायचो, बायको बघायची. पहिले हजारभर फोटो पाहून माझा विरस झाला. बरेचसे गवताचेच होते, उन्हाने तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी फोटो निघतो. मग हळूहळू प्राणी यायला लागले. तांबूस रंगाची, कानांना झुबके असलेली रानडुकरं. लाल रानम्हशी, आपल्या म्हशींपेक्षा लहान. चिखलात चालायला लांब खूर असलेलं एक हरीण. एका फोटोत गोरिला गवतात बसून, एक हात गुडघ्यावर ठेवून, कॅमेऱ्याकडे बघत होता. बायको म्हणाली, "सोसायटीच्या मीटिंगला असेच बसतात सगळे. काम काही नाही, पण हजर."

हत्ती ओळखायचे ते कानांवरून. काट्याकुट्यांत, भांडणांत कानाच्या कडा फाटतात आणि प्रत्येकाची फाटण्याची तऱ्हा वेगळी असते. मुलीने सांगितलं होतं की डावा कान आणि उजवा कान वेगवेगळा लिहा, कारण फोटोत बहुधा एकच बाजू दिसते. मी वहीत डाव्या पानावर डावे कान घेतले, उजव्या पानावर उजवे, आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. बायकोला क्रमांक लक्षात राहत नव्हते. तिने कपड्यांवरून ठेवलेली नावंच शेवटी कामाला आली. कड करवतीसारखी दातेरी असेल तो करवतकाठी. अर्धगोल तुकडा गेलेला असेल तो खिसेवाला. एका हत्तिणीच्या डाव्या कानात बटणाच्या काजासारखी स्वच्छ उभी चीर होती, ती काजवाली. मी बारा फोटो चाचपडत बसायचो, ती चहाचा कप खाली न ठेवता सांगायची, "करवतकाठी. कालचाच आहे. आज जरा चिखल लागलाय."

रविवार, २३ मार्चला काम संपलं आणि मी सगळ्याचा तक्ता मुलीला पाठवला. मुलगी फक्त रविवारी कचेरीत यायची, एरवी ती जंगलातल्या तळावर असायची आणि तिथे फोन लागत नाही. तिने घाईत विचारलं, "बाबा, ओळख पटलेले वेगवेगळे हत्ती किती?" मी वही उघडली. डाव्या पानावर चौतीस, उजव्या पानावर सत्तावीस. म्हणालो, "एकसष्ट. पिल्लं सोडून."

"नक्की?"

"दोनदा बेरीज केली आहे."

तो आकडा तिला का हवा होता ते तिने तेव्हा सांगितलं. उद्यानाकडे एका नव्या पहारा चौकीपुरती माणसं होती. चौकी तिच्या बाईवर बसवायची की दुसऱ्या एका बाईवर, हे २४ एप्रिलच्या बैठकीत ठरणार होतं. दोन्हीकडे त्या मोसमात रिकामी काडतुसं सापडली होती. तिथे हस्तिदंतासाठी हत्ती मारतात. जिथे हत्ती जास्त, तिथे चौकी. दुसऱ्या बाईवर अडतीस निघाले होते. तिने त्याच दिवशी उद्यानाच्या साहेबांना एकसष्ट लिहून दिले.

शनिवार, ५ एप्रिल. बायकोला काजवालीचा एक चांगला फोटो छापून मशीनच्या वर लावायचा होता, म्हणून ती सकाळी जुने फोटो बघत बसली होती. मी ऑफिसला निघायच्या तयारीत होतो.

"अहो, इकडे या जरा."

काजवालीच्या पायाशी एक पिल्लू होतं, त्याची शेपूट अर्धीच होती. बायकोने दुसरा फोटो उघडला. त्यात उजव्या बाजूने दिसणारी एक हत्तीण होती, माझ्या वहीत उजव्या पानावर क्रमांक तीन. तिच्या पायाशी तेच अर्ध्या शेपटीचं पिल्लू.

"एका पिल्लाला दोन आया कशा?" तिने विचारलं.

"मावशी असेल," मी म्हणालो.

तिने तिसरा फोटो उघडला. पिल्लू क्रमांक तीनच्या पुढच्या पायांमध्ये तोंड घालून दूध पीत होतं. हत्तिणीची आचळं तिथे असतात. काजवालीच्या फोटोची वेळ आणि याची वेळ यांत चार मिनिटांचं अंतर होतं. चार मिनिटांत ती वळली होती, एवढंच.

"तुम्ही डावे नि उजवे मिळवलेत?"

मी वही आणून दोन्ही पानं उघडली.

"ब्लाऊजचे पुढचे दोन भाग कापते म्हणून मी दोन ब्लाऊजची शिलाई लावते का?"

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासतो आहे. एकच माल दोन रजिस्टरांत चढला तर तो मला हमखास सापडतो. इथे मी दोन पानांखाली दोन बेरजा केल्या आणि तिसरी त्यांची केली, कारण पानं दोन होती. त्या दिवशी मी स्वारगेटला बस सोडून दिली आणि पुढची पकडली.

रविवारी मुलीला सांगितलं. पडद्यावर तिच्या मागे पाऊस पडत होता आणि आवाज तुटत होता, म्हणून मला तेच दोनदा सांगावं लागलं.

तिने मी पाठवलेला तक्ता उघडला. मग म्हणाली, "मी एकसष्ट लिहून दिले आहेत. चौकी आम्हाला मिळणार हे जवळजवळ ठरलंय."

"मग मिळू दे की," बायको म्हणाली. "तिथे माणसं येऊन बसली तर हत्तींचं काय वाईट होणार आहे? चूक ह्यांची. तू कशाला तोंडघशी पडतेस?"

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणी मोजले आणि चौतीस निघाले तर? सगळे धरून चालतील की चौकी असताना सत्तावीस हत्ती मेले. तिथल्या पहारेकऱ्यांवर येईल. ते सुटले तर हिच्यावर येईल."

"तुम्हाला आत्ता सुचतंय हे."

"हो. आत्ता सुचतंय."

मुलगी म्हणाली, "आई, माझा करार जूनमध्ये संपतोय. तो पुढे वाढवायचा की नाही हेही तेच साहेब ठरवणार." मग माझ्याकडे वळून, "बाबा, तक्ता तुम्ही मला पाठवला होता. डावे-उजवे त्यात स्पष्ट लिहिले होते. मी बेरीज बघायला हवी होती. तुमची बेरीज म्हणून बघितली नाही."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर ठेवलं.

"किती दिवसांत नीट आकडा द्याल?"

"वीस तारखेच्या रविवारी."

"द्या. मग मी लिहिते."

आम्ही तेरा दिवस घेतले. मी चार दिवसांची रजा टाकली. बायकोने लग्नसराईचे ब्लाऊज पुढे ढकलले आणि कापायचं टेबल रिकामं केलं. या वेळी पद्धत तिची होती. प्रत्येक डाव्या कानाची एक चिठ्ठी, प्रत्येक उजव्या कानाची एक. फोटो वेळेप्रमाणे लावून बघायचं की हत्ती कुठे वळला. वळताना दोन्ही बाजू सलग दिसल्या तर त्या दोन चिठ्ठ्या टाचणीने जोडायच्या. नुसतं वाटलं म्हणून टाचणी लावायची नाही. तिला सात जोड्यांबद्दल खात्री होती, पण वळतानाचा फोटो नव्हता. मी त्या जोडू दिल्या नाहीत. एकदा त्यावरून दोन दिवस अबोला झाला, चिठ्ठ्या मात्र चालू होत्या. ब्लाऊज न्यायला आलेल्या एक बाई टेबलाकडे बघून म्हणाल्या, "पत्रिका जुळवताय का?" बायको म्हणाली, "हो, एकोणीस जमल्या."

एकोणीसच जमल्या. बाकी डावे कान पंधरा राहिले, उजवे आठ. त्या आठांतले काही किंवा सगळे त्या पंधरांपैकीच असू शकतात, नसूही शकतात. म्हणून हत्ती कमीत कमी चौतीस, जास्तीत जास्त बेचाळीस. याहून नेमकं सांगता येत नव्हतं आणि आम्ही ते सांगितलं नाही.

मुलीने वीस तारखेला साहेबांना पत्र लिहिलं. आधी मला वाचून दाखवलं. त्यात 'माझ्या वडिलांची चूक' असं कुठेही नव्हतं. 'मी दोन्ही बाजूंची बेरीज न तपासता दिली' असं होतं. मी म्हणालो की माझं लिही. ती म्हणाली, "कागदावर सही माझी आहे, बाबा." बायको मध्ये पडली नाही. नंतर स्वयंपाकघरात एवढंच म्हणाली, "फोटो लावायचा राहिलाच." मग तिने काजवालीचा फोटो छापून आणायला मला पाठवलं.

बैठकीनंतरच्या रविवारी मुलीचा फोन आला. ती आधी हसली, म्हणून आम्ही बसलो. बैठकीत साहेबांनी दुसऱ्या बाईवर मोजणाऱ्या गटाला विचारलं होतं की तुमचे अडतीस एका बाजूचे की दोन्ही बाजूंचे. त्यांचे एका बाजूचे निघाले, म्हणजे बरोबर होते. एकाच बाजूने धरले तर तिच्याकडे चौतीस, त्यांच्याकडे अडतीस. चौकी त्यांच्याकडे गेली. तिच्या बाईवर महिन्यातून दोनदा गस्त येणार, कारण काडतुसं तिथेही सापडली होती.

"आणि करार?" मी विचारलं.

"एक वर्ष वाढला. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी दोन्ही बायांवरची मोजणी तूच बघ. आणि कॅमेरे समोरासमोर बांध, म्हणजे दोन्ही कान एकदम दिसतील."

"हे त्यांना आधी सुचलं नाही?" बायको म्हणाली. "कॅमेरे तीन आहेत ना?"

"आई, प्रत्येकासमोर एक, म्हणजे सहा लागतात. आत्तापर्यंत पैसे नव्हते."

"पट्टे इथून पाठवते. नाडीचे शिवीन."

तिने खरंच शिवले, सहा नग, दुहेरी शिलाईचे. त्याचे पैसे लावले नाहीत, मी विचारलं तरी.

रविवार, १८ मे २०२५ रोजी प्रकल्पाकडून सदतीस हजार दोनशे रुपये माझ्या खात्यात जमा झाले. तेरा दिवसांच्या दुसऱ्या मोजणीचं बिल आम्ही दिलं नव्हतं, ते आमच्या चुकीचं काम होतं. ठरल्याप्रमाणे बायकोचे अठरा हजार सहाशे. दुसऱ्या मोजणीपायी पुढे ढकललेल्यांपैकी बावीस ब्लाऊज गिऱ्हाइकांनी दुसरीकडे नेले होते : साधे तेरा, साडेतीनशे रुपयांप्रमाणे चार हजार पाचशे पन्नास, अस्तराचे नऊ, पाचशेप्रमाणे साडेचार हजार. हे नऊ हजार पन्नास माझ्या वाट्यातून वजा केले. बायकोला एकूण सत्तावीस हजार सहाशे पन्नास दिले. मला नऊ हजार पाचशे पन्नास मिळाले.