काजळीवरची रेघ

परवा सुतारानं कपाटाला लाखेचं पॉलिश लावलं आणि त्या वासासरशी मी मेढ्याच्या डोंगरातल्या, माझ्या जुन्या नोकरीच्या भूकंपमापन केंद्रात जाऊन पोचलो.

सत्तरच्या दशकातली, थंडीतली दुपार. रॉकेलच्या धुरावर काळा केलेला कागद यंत्राच्या ढोलावर फिरत होता आणि सुई त्यावर पांढरी रेघ ओढत होती. सकाळीच जमीन हादरली होती. गावातल्या पारूमावशी चपला बाहेर काढून, देवळात यावं तशा आत आल्या. त्यांची सून नुकतीच बाळंत झाली होती.

"आवं सायेब, आज बाळ-बाळंतिणीला घरात निजवू का भाईर मांडवात? भाईर लय गारठा हाय."

खालचा खडक इतका मोडलेला, चिरफाळलेला, की सकाळचा धक्का कुठून आला हेच मला कागदावरून धड उमगत नव्हतं. पुढचा कुठून सांगणार?

"मावशी, ते नाही कळत."

"मग ही सुई काय लिवती?"

"होऊन गेलेलं."

 मावशी तशाच निघून गेल्या.

संध्याकाळी कागद उतरवून, काजळी पुसली जाऊ नये म्हणून त्यावर पातळ लाख ओतली. सकाळच्या धक्क्यापासून बऱ्याच पुढं, दुपारच्या जागी, दोन बारीक थरथरी उमटल्या होत्या. त्या कागदावरचं मला खात्रीनं वाचता आलं ते एवढंच. मावशींचं येणं, आणि मावशींचं जाणं.